फुगा विसरा, वेळापत्रक हातात घ्या: 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' म्हटलं की डोळ्यांपुढे आधी फुगा येतो. उंच टोपीतला इंग्रज, वेताची टोपली आणि खाली बर्फाळ डोंगर. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत असा प्रवास कुठेही नाही. फुग्याचा उल्लेख येतो तो बत्तिसाव्या प्रकरणात, न्यू यॉर्कहून सुटणारी बोट चुकल्यावर. अटलांटिक फुग्यातून ओलांडायचा म्हणजे धोक्याचं काम आणि तसंही ते जमण्यासारखं नाही, एवढं सांगून व्हर्न विषय संपवतो. फुगा खऱ्या अर्थाने घुसला तो १९५६ च्या हॉलिवूडपटातून, आणि तिथून मुखपृष्ठांवर, पोस्टरांवर, कार्टूनमध्ये जाऊन बसला.

नव्या वाचकाची फसगत इथेच होते. तो निसर्गवर्णनं आणि देशोदेशीच्या गमतीजमती वाचायच्या तयारीने बसतो, आणि समोर येतो बोटीच्या बंद खोलीत पत्ते खेळणारा एक गप्प माणूस. सुएझ आलं तरी हा माणूस खिडकीबाहेर बघत नाही. चार-पाच प्रकरणांत पुस्तक बाजूला पडतं आणि 'पिक्चर बघू त्यापेक्षा' असं ठरतं. पिक्चरमध्ये फुगा असतो, त्यामुळे पुस्तकाबद्दलचा गैरसमज पक्का होतो.

माझं म्हणणं असं, की ही कादंबरी प्रवासाची नाहीच, वेळापत्रकाची आहे. तशी वाचली तर एकदम पकड घेते. कशी वाचायची, कुठे रेंगाळायचं, कुठे पानं भराभर उलटायची आणि मग पडद्यावरचं काय कोणत्या क्रमाने बघायचं, ते खाली क्रमाने सांगतो.

पायरी १: प्रत पारखून घ्या

मूळ कादंबरी फ्रेंच. १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या 'ल तां' या दैनिकात ती क्रमशः आली आणि १८७३ च्या जानेवारीत पुस्तकरूपाने निघाली. प्रकरणं ३७, तीही छोटी. म्हणजे संपूर्ण आवृत्तीला घाबरण्यासारखं काही नाही. तरीही बाजारात या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्त्या उदंड आहेत, आणि त्या कापतात नेमका तोच भाग ज्यात गंमत आहे.

मराठीत व्हर्न आणला तो भा. रा. भागवतांनी, आपल्या फास्टर फेणेच्या जन्मदात्यांनी. जुन्या वाचनालयात त्यांचा व्हर्न हाती लागला तर सोडू नका, फक्त हातातली आवृत्ती पूर्ण आहे की मुलांसाठी आटोपशीर केलेली, ते बघून घ्या. इंग्रजीत वाचणार असाल तर जॉर्ज मेकपीस टॉवल यांचा १८७३ चा अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो, आणि लिब्रिव्हॉक्सवर त्याची ऑडिओ वाचनंही आहेत. भाषा जुनी, पण अडखळायला होत नाही. टिपांसकट नीट वाचायचं असेल तर ऑक्सफर्डने काढलेला विल्यम बुचर यांचा अनुवाद घ्या.

प्रत पूर्ण आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासायची एक युक्ती. दहावं प्रकरण उघडा. मुंबईच्या स्टेशनावर कादंबरीचे नायक फॉगसाहेब जेवायला बसलेत. खानावळवाला 'इथला ससा' म्हणून एक पदार्थ वाढतो. फॉग चव घेतो, मालकाला बोलावतो आणि विचारतो, हा ससाच आहे ना? मालक शपथेवर सांगतो, जंगलातला ससा. फॉगचा पुढचा प्रश्न: मारताना हा म्याव म्हणाला नाही ना? हा संवाद तुमच्या प्रतीत असेल तर पैसे द्या. नसेल तर परत ठेवा.

आणखी एक सावधगिरी. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका, प्रस्तावना तर नकोच. या कादंबरीचा शेवट आधी कळला तर निम्मी मजा जाते, आणि प्रस्तावना लिहिणाऱ्यांना तो सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

पायरी २: वही आणि नकाशा घेऊन बसा

तिसऱ्या प्रकरणात, लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये पत्ते खेळता खेळता ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून दाखवायची पैज लागते. तिथे वर्तमानपत्रातला एक हिशोब दिलाय. तो वहीत उतरवून घ्या:

लंडन ते सुएझ, रेल्वे आणि बोट: ७ दिवस
सुएझ ते मुंबई, बोट: १३
मुंबई ते कलकत्ता, रेल्वे: ३
कलकत्ता ते हाँगकाँग, बोट: १३
हाँगकाँग ते योकोहामा, बोट: ६
योकोहामा ते सॅन फ्रान्सिस्को, बोट: २२
सॅन फ्रान्सिस्को ते न्यू यॉर्क, रेल्वे: ७
न्यू यॉर्क ते लंडन, बोट आणि रेल्वे: ९

बेरीज ८०. फॉग निघतो बुधवारी, २ ऑक्टोबर १८७२ ला, रात्री पावणेनऊच्या गाडीने. परत यायचं शनिवारी, २१ डिसेंबरला, रात्री पावणेनऊपर्यंत, त्याच क्लबच्या त्याच दिवाणखान्यात. पैज २०,००० पौंडांची, म्हणजे त्याची निम्मी संपत्ती. उरलेली निम्मी प्रवासखर्चासाठी पिशवीत.

आता प्रत्येक मुक्कामापुढे दोन रकाने आखा: किती वेळ कमावला, किती गमावला. हे मी मनाने सांगत नाही, फॉग स्वतः असाच तक्ता ठेवतो. मुंबईला तो २० ऑक्टोबरला पोचतो, दोन दिवस आधी. वहीत 'जमा २' लिहिलं की फॉगच्या हिशोबात तुम्हीही गुंतता. कलकत्त्याला पोचेपर्यंत ते दोन दिवस खर्ची पडलेले असतात आणि जमा-नावे शून्यावर येतं. इथून पुढे प्रत्येक तास टोचायला लागतो. ही वही न ठेवता वाचणाऱ्याला कादंबरी थंड वाटते, त्यात नवल नाही.

नकाशा मात्र कागदाचा घ्या, भिंतीवरचा असेल तर उत्तम. मोबाइलवरचा नकाशा मोठा करायला गेलं की पुढचं दिसत नाही.

पायरी ३: पहिली चार प्रकरणं धीराने

सुरुवात मुद्दाम कोरडी आहे. फिलिआस फॉग, पत्ता ७, सॅव्हिल रो. बायकामुलं नाहीत, गाडीघोडा नाही, धंदा काय ते कुणाला ठाऊक नाही. दाढीचं पाणी ८६ अंश फॅरनहाइटऐवजी ८४ अंश आणलं म्हणून त्याने आदल्या नोकराला काढून टाकलंय. नवा नोकर पासपार्तू. फ्रेंच माणूस, सर्कशीत काम केलेला, अग्निशामक दलात काम केलेला, आता कुठेतरी शांतपणे बूड टेकावं म्हणून आलेला. कामाच्या पहिल्याच संध्याकाळी त्याला कळतं, की दहा मिनिटांत जगाच्या फेरीला निघायचंय. त्या घाईत तो आपल्या खोलीतला गॅसचा दिवा मालवायचा विसरतो. मालक शांतपणे सांगतो, बिल तुझ्या नावावर. ऐंशी दिवस तो दिवा जळत राहतो. मला ही या पुस्तकातली सर्वांत चांगली कल्पना वाटते, कारण इथून पुढे वेळेला प्रत्यक्ष पैशाचा मीटर लागतो.

हे वाचताना काळाचं भान ठेवलं तर पैज खुळी वाटत नाही. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता. अमेरिकेत पूर्व-पश्चिम रेल्वे त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोडली गेली. आपल्याकडे मुंबईहून निघणारी जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जबलपूरला एकमेकींना मिळाल्या, मार्च १८७० मध्ये. तीन गोष्टी जेमतेम वर्षभरात झाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा तिकिटं काढून करता येण्याजोगी झाली. व्हर्नची नजर त्या तिकिटांवर आहे.

तेवढ्यात बँक ऑफ इंग्लंडमधून ५५,००० पौंड चोरीला जातात, चोराचं वर्णन फॉगशी जुळतं, आणि फिक्स नावाचा गुप्तहेर सुएझपासून मागे लागतो. हे लक्षात असू द्या, बाकी पुढे आपोआप उलगडतं.

पायरी ४: मुंबई ते अलाहाबाद, अगदी सावकाश

दहा ते पंधरा ही सहा प्रकरणं आपल्यासाठी राखीव आहेत असं समजा. वाचताना पेन्सिल हातात हवी, कारण व्हर्नला दाद द्यावी लागते आणि चुकाही पकडाव्या लागतात.

सुरुवात 'मंगोलिया' बोटीवरच होते. फॉगला पत्त्याला तीन भिडू मिळतात: मुंबईला परतणारा एक पाद्री, बनारसला निघालेला ब्रिगेडियर जनरल सर फ्रान्सिस क्रोमार्टी आणि गोव्याला रुजू व्हायला निघालेला एक कलेक्टर. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे. हे गृहस्थ तिथे कुणाचा कर गोळा करणार होते, ते व्हर्नलाच ठाऊक.

बोट दुपारी साडेचारला मुंबईत लागते, कलकत्त्याची गाडी रात्री आठला. मधल्या साडेतीन तासांत फॉग पासपोर्टवर शिक्का मारून घेतो आणि स्टेशनावर जेवतो. व्हर्न पुढे मुद्दाम यादी देतो की साहेबाने काय काय पाहिलं नाही: टाउन हॉल, किल्ला, गोद्या, कापसाचा बाजार, मशिदी, घारापुरी, कान्हेरीची लेणी. मुंबईचं वर्णन 'न पाहिलेल्या' गोष्टींमधून करणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. स्टेशन म्हटल्यावर डोळ्यांपुढे सीएसएमटीचा घुमट आणू नका. त्या इमारतीचं काम सुरू व्हायला अजून सहा वर्षं आहेत. हे बोरीबंदरचं जुनं स्टेशन.

पासपार्तू मात्र भटकतो. पारशांचा एक उत्सव बघतो, मलबार हिलच्या देवळात बुटांसकट शिरतो, पुजाऱ्यांचा मार खातो आणि आठला पाच मिनिटं कमी असताना अनवाणी स्टेशनात धावत येतो. हे बूट विसरू नका. कलकत्त्याच्या कोर्टात ते पुन्हा हजर होतात.

अकराव्या प्रकरणात गाडी निघते आणि इथे मराठी वाचकाचे कान टवकारले पाहिजेत. साष्टी, कल्याण, मग घाट. सर फ्रान्सिस सांगतो की काही वर्षांपूर्वी रेल्वे डोंगराच्या पायथ्याशीच संपायची आणि पालखीत किंवा तट्टावर बसून पलीकडच्या खंडाळ्याला जावं लागायचं. मग रात्रीत गाडी नाशिक ओलांडते आणि सकाळी खानदेशात पोचते. आता कुणीही सांगेल, खंडाळा पुण्याच्या रस्त्यावर, बोरघाटात. नाशिकला जाणारी गाडी कल्याणहून वळते ती कसारा-इगतपुरीकडे, थळघाटाने. व्हर्नने दोन्ही घाट एकत्र करून गाडी पुढे हाकली आहे. भारतात तो कधी आला नव्हता. त्याचं काम नकाशे आणि प्रवासवर्णनं वाचून चाले, आणि त्या मानाने बऱ्हाणपूर, असीरगड, वेरूळ, मालेगाव ही नावं त्याने बरीच जागच्या जागी ठेवली आहेत. बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर पासपार्तू खोटे मोती लावलेल्या सपाता अवाच्या सवा भावात घेतो. अनवाणी माणसाला दुसरा इलाज काय!

मग गाडी थांबते. खोल्बी नावाचं खेडं, आणि पुढे रूळच नाहीत. अलाहाबादपर्यंत पन्नासेक मैलांचा तुकडा बांधायचा राहिलाय. सर फ्रान्सिस संतापतो: वर्तमानपत्रांत तर आलं होतं की लाइन पूर्ण झाली! गार्डचं उत्तर, पेपरवाल्यांचं चुकलं. आणि तरी तुम्ही मुंबई ते कलकत्ता तिकिटं विकता? गार्ड म्हणतो, हो, पण हा तुकडा आपापल्या सोयीने पार करायचा असतो हे प्रवाशांना माहीत असतं. दीडशे वर्षं झाली या संवादाला, आजही कुठल्याही फलाटावर तो शोभेल.

गंमत अशी, की प्रत्यक्षात १८७२ च्या ऑक्टोबरमध्ये पेपरवाल्यांचंच बरोबर होतं. लाइन दोन वर्षांपूर्वी पूर्ण झाली होती. खोल्बीचा तुकडा व्हर्नने मोडून ठेवला, कारण त्याला हत्ती हवा होता. त्या हत्तीचं नाव किऊनी. त्याच्या सौद्याचा प्रसंग सावकाश वाचा. फॉग भाड्याने मागतो, तासाला दहा पौंड, वीस, चाळीस. मालक हलत नाही. मग विकतच घेतो म्हणतो, हजार पौंड. मालकाला वास लागतो. बाराशे, पंधराशे, अठराशे, शेवटी दोन हजार. प्रत्येक आकड्याला पासपार्तूच्या चेहऱ्याचा रंग उतरत जातो, फॉगचा आवाज मात्र तसाच.

आणि आउदा. बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाची तरुण विधवा, सती नेली जात असताना हे लोक तिला सोडवतात. प्रसंग थरारक आहे, यात वाद नाही. पण व्हर्न तिला कोण म्हणतो? मुंबईच्या श्रीमंत व्यापाऱ्याची पारशी मुलगी, शिवाय सर जमशेदजी जीजीभॉय यांची नातेवाईक. जे. जे. हॉस्पिटलवाले खरेखुरे जमशेदजी! पारशी मुलगी हिंदू राजाची सती कशी जाईल, हा प्रश्न त्याला पडत नाही. सतीबंदीचा कायदा येऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं उलटली होती. सर फ्रान्सिसच्या तोंडून व्हर्न सांगतो खरं, की ब्रिटिश मुलखात ही प्रथा आता राहिली नाही, संस्थानांत चालते. तरी कालीची मिरवणूक, ठग आणि अफूत गुंगवलेली नायिका हा त्या काळच्या युरोपी वाचकाला हवा असलेला हिंदुस्थान आहे. वाचताना राग येतो, येऊ द्या. पुस्तक टाकू मात्र नका, कारण याच प्रकरणांत फॉग पहिल्यांदा वेळापत्रकाबाहेर काही करतो. आपल्याकडे बारा तास शिल्लक आहेत, ते या बाईला देता येतील, असं तो म्हणतो. माणुसकीसुद्धा तासांच्या हिशोबात. ऐनवेळी बाजी मारतो तो पासपार्तू, कशी ते तुम्हीच वाचा.

पायरी ५: हाँगकाँगनंतर वेग वाढवा

इथून कादंबरी पळते, तुम्हीही पळा. हाँगकाँगची अफूची अड्डा-खोली, चुकलेली बोट, 'टँकाडेअर' या छोट्या गलबतातून वादळात शांघायकडे मारलेली मुसंडी, हे एका बैठकीत होतं. योकोहामाची लांब नाकवाल्यांची सर्कस मला ताणलेली वाटते. सत्ताविसाव्या प्रकरणात रेल्वेच्या डब्यातलं मॉर्मन पंथाचं प्रवचन आहे, त्यावरून नुसती नजर फिरवली तरी चालेल. श्रोते एकेक करून उठून जातात आणि शेवटी पासपार्तू एकटा उरतो, एवढा विनोद त्यात आहे.

अमेरिकेतला मेडिसिन बोचा पूल मात्र चुकवू नका. पूल खिळखिळा झालाय. गाडी पूर्ण वेगाने सोडली तर निघून जाईल, असं ठरतं. पासपार्तूच्या डोक्यात एक साधी शंका आहे: आधी माणसं चालत जाऊ दे, मागून गाडी येऊ दे. ती ऐकून घ्यायला कुणी तयार नाही, सगळे शौर्याच्या गप्पांत दंग. पुढे शिडं लावलेली बर्फगाडी येते, आणि अटलांटिकवर कोळसा संपल्यावर बोटीची एकेक लाकडी वस्तू भट्टीत जाते. वहीतले रकाने इथे आपोआप भरले जातात.

पायरी ६: शेवटाआधी मागे वळून एक प्रकरण वाचा

पस्तिसावं प्रकरण सुरू करण्याआधी थांबा आणि आठवं पुन्हा चाळा. सुएझच्या बाजारात फिक्स आणि पासपार्तू यांच्यात पासपार्तूच्या घड्याळावरून बोलणं होतं. पणजोबांपासून चालत आलेलं घड्याळ, वर्षाला पाच मिनिटंही चुकत नाही, आणि ते लंडनच्या वेळेवरून हलवायला तो साफ नकार देतो. पहिल्या वाचनात हा नोकराचा हेकेखोरपणा वाटतो. यापेक्षा जास्त मी सांगत नाही. आपला तक्ता जवळ ठेवा, शेवटची तीन प्रकरणं सलग वाचा आणि मग नकाशासमोर पाच मिनिटं उभे राहा.

पायरी ७: आता पडदा

पुस्तक संपल्यावरच, हे पुन्हा सांगतो. प्रत्येक रूपांतरात शेवट तोच आहे आणि पडद्यावर तो दोन मिनिटांत उरकतो.

या गोष्टीला रंगमंचावर न्यायची घाई स्वतः व्हर्नलाच झाली होती. १८७४ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या पोर्त सां-मार्तां नाट्यगृहात त्याने नाटककार अडॉल्फ देनेरीबरोबर लिहिलेलं नाटक आलं, रंगमंचावर जिवंत हत्ती होता, आणि ते तुफान चाललं. म्हणजे शब्दांतला हिशोब बाजूला ठेवून डोळ्यांना मेजवानी द्यायची परंपरा तिथूनच सुरू झाली. पुढच्या साऱ्या निर्मात्यांची अडचण एकच: नायक स्थिर, अबोल, खिडकीबाहेर न बघणारा. कॅमेऱ्याने करायचं काय? मग कुणी फुगा आणतो, कुणी कराटे, कुणी प्रेमभंग. हे लक्षात ठेवून बघितलं तर प्रत्येक रूपांतर म्हणजे त्या अडचणीवर काढलेला एक तोडगा आहे.

पहिला बघायचा तो १९५६ चा. निर्माता माइक टॉड, दिग्दर्शक मायकेल अँडरसन. लांबी तीन तासांच्या आसपास, त्यामुळे मध्यंतर आपलं आपण घ्या. पाच ऑस्कर, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. डेव्हिड निव्हनचा फॉग ही या चित्रपटाची खरी कमाई. आवाज न चढवता, भुवई न हलवता घड्याळ बघणारा माणूस त्याने हुबेहूब उभा केलाय, त्यानंतर कुणाला जमला नाही. पासपार्तू म्हणून मेक्सिकोचा लाडका विनोदवीर कांतिन्फ्लास आहे. तो बैलांच्या झुंजीतल्या विनोदासाठी प्रसिद्ध, म्हणून फुगा स्पेनमध्ये उतरवून एक लांबलचक झुंज घातली आहे. पुस्तकाशी तिचा काडीचा संबंध नाही. कंटाळा आला तर पुढे ढकला. आउदाच्या भूमिकेत चक्क शर्ली मॅकलेन, चेहऱ्याला रंग लावून. हसू येतं आणि खटकतंही. गंमत म्हणून छोट्या भूमिकांतले मोठे चेहरे ओळखत जा: काढून टाकलेला नोकर जॉन गिलगुड, रेल्वेचा गार्ड बस्टर कीटन, पियानोवर फ्रँक सिनात्रा. आणि शेवटची श्रेयनामावली येताच उठू नका. ग्राफिक डिझायनर सोल बास यांनी सगळी गोष्ट चित्रांमधून पुन्हा सांगितली आहे, ती चित्रपटाहून सरस आहे असं माझं मत.

दुसरी, २०२१ ची आठ भागांची मालिका. डेव्हिड टेनंटचा फॉग घाबरट, आतून मोडलेला, कधी घराबाहेर न पडलेला. पुस्तकातल्या फॉगच्या बरोबर उलट. फिक्स इथे तरुण पत्रकार मुलगी आहे आणि पासपार्तू कृष्णवर्णीय फ्रेंच माणूस, भूतकाळाचं ओझं वागवणारा. पुस्तकाशी इमान शोधणाऱ्याने इकडे फिरकू नये. पण व्हर्नला जे दिसलं नाही, म्हणजे साम्राज्य, वर्ण आणि बाईची जागा, ते दाखवायचा प्रयत्न इथे आहे. हिंदुस्थानचा भाग जरूर बघा. शिवानी घईने केलेली आउदा कुणी वाचवायची वाट बघत चितेशेजारी बसलेली नाही. फुगा इथेही आहेच, पहिल्याच भागात. त्याच्यापासून सुटका नाही.

१९८९ ची पियर्स ब्रॉस्ननची मालिका वेळ असेल तर. फिक्सच्या भूमिकेतला पीटर उस्तिनोव्ह तेवढा लक्षात राहतो. २००४ चा जॅकी चॅनचा चित्रपट या यादीत सर्वांत शेवटी ठेवा. त्यात फॉग विक्षिप्त संशोधक आहे, पासपार्तू जेडची बुद्धमूर्ती चोरून पळणारा चिनी योद्धा, आउदा नाहीच, आणि मध्येच तुर्की राजपुत्र होऊन अर्नोल्ड श्वार्झनेगर येतो. मारामाऱ्या झकास. व्हर्नचं नाव नसतं तर मी त्याला जास्त गुण दिले असते. लहान मुलं बरोबर असतील तर स्पेन आणि जपानने मिळून काढलेली विली फॉगची कार्टून मालिका लावा. सगळी पात्रं प्राणी, फॉग सिंह, एकूण २६ भाग. चित्र गोंडस असलं तरी मार्ग आणि मुक्काम बरेचसे पुस्तकातले आहेत, मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा जास्त.

आणि हे सगळं झाल्यावर ब्रिटिश विनोदी अभिनेता मायकेल पेलिनचा बीबीसीचा माहितीपट. १९८८ च्या सप्टेंबरात तो रिफॉर्म क्लबहून निघाला, विमान वर्ज्य, मार्ग शक्यतो फॉगचाच. वेळापत्रकाशी खरी झटापट एवढ्या साऱ्यांत फक्त याच्याकडे दिसते. १८७२ मध्ये फॉगला हव्या त्या बंदरात ठरल्या वेळी प्रवासी बोट मिळत होती. एकशेसोळा वर्षांनी तशा बोटीच उरल्या नाहीत, कारण सगळे विमानाने जातात. मग पेलिन मालवाहू जहाजांच्या विनवण्या करत फिरतो, आणि दुबईहून मुंबईला येतो तो गुजराती खलाशांच्या गलबतातून, उघड्या डेकवर झोपत. मुंबईत रस्त्याकडेच्या एका आंधळ्या न्हाव्याकडून तो दाढी करून घेतो, ते दृश्य बघताना आपलाच श्वास अडकतो. एकूण लागले ७९ दिवस ७ तास.

यानंतरही हौस उरली तर नेली ब्लायचं पुस्तक घ्या. ही न्यू यॉर्कची पत्रकार १८८९ च्या नोव्हेंबरात फॉगचा विक्रम मोडायला एकटी निघाली, हातात एकच बॅग घेऊन, आणि ७२ दिवसांत परतली. वाट वाकडी करून ती फ्रान्समध्ये अमियँला खुद्द व्हर्नच्या घरी जाऊन आली. त्याने भिंतीवर नकाशा लावला होता, त्यावर फॉगचा मार्ग आखलेला. तिचा मार्ग कोलंबोवरून जाणार हे ऐकून त्याने विचारलं, माझ्या नायकासारखी तू मुंबईला का जात नाहीस? ती म्हणाली, मला तरुण विधवेपेक्षा वेळ वाचवायची जास्त घाई आहे. त्यावर व्हर्न म्हणाला, परत येईपर्यंत एखादा तरुण विधुर वाचवशीलही.